मायचा पिच्चर

बाबा तलावावरून परत आले हे आम्हाला त्यांच्या हाकेनं कधी कळलं नाही, कारण ते हाक मारायचेच नाहीत. पडवीतल्या जर्मनच्या घमेल्यात मासे फडफडायला लागले की कळायचं. मग माय चुलीपुढून उठायची, पदर खोचायची आणि घमेल्यावर वाकून एकेक मासा उलटासुलटा करून बघायची. रोहू, कतला टोपल्यात, मरळ पाण्याच्या बादलीत जिवंत, आणि बोटाएवढी बारीक मासळी घरच्यासाठी. तोवर बाबा ओलं जाळं कडुनिंबाच्या फांदीवर पसरून, पाय धुऊन भिंतीला टेकून बसलेले असायचे. चहा मिळेपर्यंत ते बोलत नसत आणि चहा मिळाल्यावरही फारसं बोलत नसत. आमचं गाव चंद्रपूरकडच्या मूल या तालुक्याच्या गावापासून आत, धानाच्या बांध्यांच्या मधोमध. एका अंगाला तलावाची उंच पाळ, दुसऱ्या अंगाला जंगल. घरात आम्ही तिघंच होतो, माय, बाबा आणि मी, सुनी. पण मायमुळे घर भरलेलं वाटायचं.

बोलण्याचं काम घरात तिनंच उचललं होतं. डोक्यावर टोपलं घेऊन ती मूलच्या बाजारात जायची, आणि बाजार नसेल त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून हिंडायची. तिचा आवाज पाळीवरून निघाला की गावाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू यायचा. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की तिला खरा आनंद व्हायचा. "बाई, तुमी मच्छीचे पैसे देता का मच्छीवर उपकार करता?" असं काहीतरी ती बोलायची आणि समोरची बाई हसून पैसे काढायची. परत आली की दिवसभराच्या सगळ्या बाया आमच्या चुलीपुढे हजर. कोण काय बोललं, कोणाच्या सुनेनं डोळे मोठे केले, सगळं ती आवाज बदलून सांगे. भाकर आमच्याकडे क्वचित. दोन्ही वेळा भात, त्यावर लाखोरीच्या डाळीचं वरण, किंवा अंबाडीच्या पानांत शिजवलेली मासळी. ती आंबट मासळी मी नंतर बऱ्याच जागी करून पाहिली. आता मी गडचांदूरला राहते, इथल्या बाजारातही अंबाडी मिळते, पण भांडं उघडल्यावर जो वास यायला हवा तो येत नाही. बहुतेक त्यात मायच्या बोलण्याचाही काही भाग असावा.

मायला सिनेमाचं वेड होतं असं मी म्हणणार नाही. तिला एका नटाचं वेड होतं. आमच्या शेजारी टीव्ही होता, आणि त्याचा सिनेमा लागला की शेजारची काकू भिंतीवरून ओरडायची, "गिरजाबाई, आला वं तुमचा!" मग चुलीवर काय असेल ते तसंच ठेवून माय निघायची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आमच्याकडची रीत. तिनं त्या नटाचंही नाव कधी घेतलं नाही. बाबा म्हणजे 'ते' आणि नट म्हणजे 'तो'. गाव यावरून हसायचं, माय पण हसायची. तिनं त्याचं नाव घेतलं नाही म्हणून मीही इथे लिहीत नाही. तो फार मोठा नायक कधीच नव्हता. सावळा, रुंद नाकाचा, आमच्या गावातल्या कोणाचाही भाऊ शोभेल असा. त्याची एक लकब होती. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की तो आधी खांद्यावरच्या पंच्यानं किंवा बाहीनं सावकाश तोंड पुसायचा, आणि मग बोलायचा. तेवढं त्यानं केलं की माय समाधानानं मान हलवायची. पुढे त्याचं वय झालं, कामं कमी झाली, आणि टीव्हीवर त्याचे जुनेच सिनेमे फिरून फिरून लागायचे.

मी बारावीला होते त्या वर्षी मायची तब्येत बिघडली. आधी तिनं कोणाला सांगितलं नाही. अंगावरून फार जायचं. ती कपडे पाळीखाली एकटी जाऊन धुऊन आणायची. चेहरा धुरकट दिसायला लागला, टोपलं उचलताना भिंत धरायला लागली. धान कापणीच्या दिवसांत एकदा बाजाराला निघाली असताना पाळीवरच चक्कर येऊन पडली. मासे उतारावर पसरले, कावळे जमले. बाबांनी तिला उचलून आणलं. मूलच्या डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, पिशवीत गाठ आहे, मोठी आहे, चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन काढून घ्या, उशीर करू नका.

माय परत आली आणि दुसऱ्या दिवशी टोपलं घेऊन निघाली. मी आडवी आले, तर म्हणाली, "मले काई झालं नाई. थोडं रगत कमी आहे, भाजी खाल्ली की भरते." त्यानंतर आमच्या घरात रोज तेच चालायचं. मी पुस्तकातलं सांगायची, डॉक्टरचं सांगायची, रडायचीसुद्धा. माय ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मी नाई जातो." आमच्याकडच्या बाया 'मी जातो, मी करतो' असंच म्हणतात. कॉलेजात गेल्यावर मला 'जाते, करते' शिकावं लागलं, आणि आजही घाईत असले की 'येतो' निघतं तोंडातून. तर, "मी नाई जातो. मले कापून घ्याचं नाई."

मला राग यायचा तो बाबांचा. ते जाळ्याच्या फाटक्या घरांना गाठी मारत बसलेले असायचे. एकदा मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "बाबा, तुमी काऊन बोलत नाई? तुमी म्हटलं तं आयकन ती."

त्यांनी दोरा दातानं तोडला. "तिले माईत आहे," ते म्हणाले.

"काय माईत आहे?"

ते उठून तलावाकडे गेले. बायको मेली तरी यांना चालेल, असं त्या दिवशी माझ्या मनात येऊन गेलं.

मग ते पोस्टर आलं. मूलच्या बसस्टँडजवळच्या भिंतीवर, आदल्या जाहिरातींवर नवं चिकटवलेलं. वरपासून खालपर्यंत निळ्या मुखवट्यातला माणूस, मूठ पुढे करून उडणारा. हवेत उडणाऱ्या त्या वीराचा सिनेमा चंद्रपूरला लागला होता आणि पोरांनी वेड घेतलं होतं. आमच्या गावातली पोरंसुद्धा गळ्याला टॉवेल बांधून पाळीवरून उड्या मारत होती. मी मायसोबत बाजारातून परत येत होते. रिकामं टोपलं माझ्याकडे होतं. ती चालता चालता थांबली. मला वाटलं चक्कर आली. पण ती भिंतीकडे बघत होती. पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यात, नायिकेच्या पायाशी, चार-पाच छोटे चेहरे छापले होते, आणि त्यात पांढऱ्या केसांचा, पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा.

"सुने," ती म्हणाली, "हा तो आहे का?"

मी जवळ जाऊन पाहिलं. तोच होता. खाली नावही होतं.

"बाप्पा, किती म्हातारा झाला," माय म्हणाली. तिनं बोटानं पोस्टरचा सुटलेला कोपरा दाबून नीट बसवला. घरी पोचेपर्यंत ती काही बोलली नाही, आणि मायचं न बोलणं म्हणजे मोठीच गोष्ट. संध्याकाळी भात वैरताना पाठमोरीच म्हणाली, "मले तो पिच्चर दाखव. टॉकीजमंदी. मंग नेजो मले दवाखान्यात."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी हातातलं जाळं बाजूला ठेवलं होतं. "उद्याच जाऊ," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका स्वच्छ मी फार दिवसांनी ऐकला.

उद्या काही जमलं नाही. जाळी सांभाळायला कोणाला सांगायचं, कोंबड्या कोणाच्या अंगणात सोडायच्या, दवाखान्यात नेसायला जुनी मऊ लुगडी कोणती घ्यायची, यात एक आठवडा गेला. मायनं त्या आठवड्यात घर सारवलं, झिंगे वाळवून डब्यात भरले, तिखट कुटलं, सगळ्या गावाचा निरोप घेतला. "पिच्चर पाहाले जाऊन राह्यली," असं ती सगळ्यांना सांगायची. दवाखान्याचं नाव नाही. मलाही ते तसंच बरं वाटू लागलं.

एस.टी. जंगलातून निघाली. सागाची पानं धुळीनं लाल झाली होती. माय खिडकीजवळ, मी मध्ये, बाबा कडेला, आणि त्यांच्या मांडीवर कपड्यांची पिशवी. माय मोठ्या गावाला जाताना नेहमी घालायची ती हिरवी चोळी घालून आली होती. चंद्रपूर जवळ आलं तशी वीजघराची धुराडी दिसायला लागली आणि नाकात कोळशाचा वास शिरला. आम्ही ठरवलं होतं ते असं की दुपारचा खेळ पाहायचा, आणि तिथून रिक्षानं सरळ दवाखान्यात जाऊन भरती व्हायचं.

टॉकीजबाहेर जत्रा होती. निळे कागदी मुखवटे विकायला आलेले, पोरं बापाच्या खांद्यावर. बाबांनी तिकिटाच्या गर्दीत शिरून तिकिटं काढली, बाहेर आले तेव्हा सदऱ्याचं एक बटन गेलं होतं. आत आमच्या तिघांच्या मधे कपड्यांची पिशवी, डब्यात भात-भाजी. दिवे गेले आणि एवढा आवाज सुरू झाला की मायनं माझा दंड धरला. पडद्यावर नायक एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर उडत होता, गाड्या उलटत होत्या, आणि सगळं टॉकीज शिट्ट्या मारत होतं. माय ते बघत नव्हती. ती कडेकडेला बघत होती. गर्दीतला प्रत्येक म्हातारा दिसला की पुढे वाकायची. एक चौकीदार आला, एक न्यायाधीश आला, एक भिकारी आला. "हा?" ती विचारायची. "नाई माय, येईन अजून."

बाबांचा मात्र सिनेमा चांगला चालला होता. खलनायकानं धरण फोडलं आणि नायकानं एकट्यानं भिंतीला पाठ लावून पाणी अडवलं तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. बाबा मला म्हणाले, "पानी अडलं ठीक, पन आदी जेवढं गेलं त्याच्यात मच्छी गेली ना वाहून. लोकायनं खाचं काय मंग?" मी हसले. मायनं ऐकलंच नाही.

मध्यंतर झालं. माय जागेवरून हलली नाही. "हिरोचा बाप आहे असन तो, शेवटी येते," ती मला समजावत होती, जसं काही मीच वाट बघत होते. मध्यंतरानंतर नायक आकाशात गेला, खलनायकाला घेऊन खाली आला, आग लागली, विझली, आणि एकदम गाणं सुरू होऊन नावं वर सरकू लागली. लोक उठले. त्याचं नाव पण वर सरकत गेलं, मी वाचलं. तो मात्र आला नव्हता.

आमच्यामागच्या रांगेत एक गृहस्थ बायको-मुलांना घेऊन बसले होते. ते उठता उठता बायकोला म्हणाले, "नागपूर में जो देखा था उस में तो बचपन का पूरा पार्ट था. इन लोगों ने काट दिया."

मी वळून विचारलं. त्यांनी सांगितलं की नायकाच्या लहानपणाचा बराच भाग आहे, तो म्हातारा नट नायकाचा बाप झाला आहे, आणि इथे दिवसाला एक खेळ जास्त बसावा म्हणून टॉकीजवाल्यांनी तेवढी रिळं काढून ठेवली असणार. आमच्याकडे असं चालतंच, म्हणाले आणि मुलांना सांभाळत निघून गेले.

मी हे मायला सांगितलं. ती खुर्चीवर बसलेलीच होती. टॉकीज रिकामं झालं, दिवे लागले, झाडूवाली बाई वरच्या रांगेतून शेंगांची टरफलं खाली लोटत यायला लागली. "चाल माय," मी म्हटलं, "दवाखाना बंद होईन."

"तो आलाच नाई तं मी काऊन जाऊ?" माय म्हणाली. रागानं नव्हे, अगदी सरळ. "मी म्हटलं होतं, तो पिच्चर दाखव, मंग नेजो."

मला तिला हलवून ओरडावंसं वाटलं. बाबा तिच्याकडे बघत उभे होते, पिशवी छातीशी धरून. मग मी त्या दोघांना तिथेच सोडून मॅनेजरच्या खोलीत गेले. मॅनेजर पान खात बसला होता. मी सांगायला लागले तर त्याला वाटलं मी तिकिटाचे पैसे परत मागते. "अवो ताई, पिच्चर समजला ना पूर्न? फाईट पूर्न आहे, गाने पूर्न आहेत. बुढ्ढ्याचा सीन पाहाले कोन येते?"

"माह्यी माय आली," मी म्हटलं.

तेवढ्यात दारात मायच आली. मागे बाबा. तिनं मॅनेजरला आपादमस्तक न्याहाळलं, बाजारात नव्या गिऱ्हाईकाला न्याहाळायची तसं, आणि तिचा तो पाळीवरचा आवाज निघाला. "भाऊ, मी मच्छी इकतो. रोहू म्हनून देली अन् डोस्कं कापून घरी ठेवून घेतलं, तं गिऱ्हाईक सोडन का मले? तुमी भिंतीवर त्याचं तोंड लावलं का नाई? लावलं. मंग तो कुठी आहे? पैसे ठेवा तुमच्यापाशी. मले माह्यं डोस्कं द्या."

मॅनेजरचं पान तोंडातच राहिलं. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं दाराबाहेर मान काढून वर हाक मारली. वरून ऑपरेटर उतरला, बनियनवरचा वाळका माणूस, हाताला तेल. मॅनेजरनं त्याला विचारलं, कापलेलं रीळ कुठे आहे. "वरच आहे डब्यात," तो म्हणाला. "झाडलोट होईपर्यंत लावतो म्हटलं तं लागते. पन पब्लिक आत सोडू नका तवरोक." मायकडे बघून त्यानं विचारलं, "कोनाचा सीन पाहाचा आहे बाई?" मायनं नाव घेतलं नाही. मी सांगितलं. "हाव का," तो म्हणाला, "चांगला केला त्यानं. मले बी कापावा वाटत नोहोता."

म्हणून मग एवढ्या मोठ्या टॉकीजमध्ये आम्ही तिघं मधल्या रांगेत बसलो. दारं उघडी होती, बाहेरचा उजेड पडद्याच्या कडेवर येत होता. झाडूवाली बाई झाडू टेकवून आमच्या पुढच्या रांगेत बसली. पडद्यावर एक कौलारू घर आलं. लहान पोरगा, पुढे जो उडणारा वीर होणार तो, झोपेतून उठतो आणि आपण जमिनीवरून सुटलोय हे त्याला कळतं. तो वर वर जाऊन छताच्या आड्याला लागतो आणि घाबरून रडायला लागतो. बाप दारातून आत येतो. तोच होता. पांढऱ्या दाढीत त्याचं रुंद नाक तेवढं ओळखीचं. तो धावत नाही, ओरडत नाही. वर बघतो. मग खांद्यावरचा पंचा काढून सावकाश तोंड पुसतो.

माय एकदम हसली. रिकाम्या टॉकीजमध्ये ते हसू फार मोठं वाटलं. आणि तसंच हसता हसता ती रडायला लागली.

पडद्यावर तो बाप मुलाला म्हणत होता की घाई करू नकोस, मी खालीच उभा आहे, जमेल तेव्हा उतर. पोरगा हळूहळू खाली येत होता. त्यापुढे आणखी थोडं होतं, दोघं एका ताटात जेवतात, बाप आजारी पडतो, मुलाला काही सांगून डोळे मिटतो. मला ते नीटसं आठवत नाही, कारण मी मायकडे बघत होते. तिनं पदर तोंडाशी धरला नव्हता. उघड्या तोंडानं, लहान पोरीसारखी बघत होती. पडदा पांढरा झाला, ऑपरेटरनं वरच्या झरोक्यातून हात दाखवला. मायनं दोन्ही हात जोडून त्याला नमस्कार केला.

"शेवंता असं तोंड पुसे," ती म्हणाली.

शेवंता म्हणजे मायची मोठी बहीण. मी तिला पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधी ती तापानं गेली, एवढंच मला माहीत होतं. मायनं घरात तिचं नाव क्वचितच काढलं असेल. त्या खुर्चीत बसून तिनं सांगितलं, मॅनेजर घड्याळ बघत दारात उभा असताना. दोघी बहिणी लग्नाआधी मूलला मासळी विकायला जायच्या. टोपली लवकर रिकामी झाली की पानठेल्यावाल्याकडे ठेवून तिथल्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये शिरायच्या. अंगाला मासळीचा वास, म्हणून आजूबाजूच्या बाया सरकून बसत, आणि यांना हातपाय पसरायला जागा होई. तो नट तेव्हा नवा होता. परतताना शेवंता पाळीवरून त्याच्यासारखी चालायची, पदराचा पंचा करून तोंड पुसायची, आणि मग मोठ्या गंभीरपणानं म्हणायची, "गिरजे, घरी बोलनी खाची तयारी ठेव." पुढे दोघींची लग्नं झाली. शेवंताला तीन लेकरं झाल्यावर गावातल्या बायांसोबत ती ऑपरेशन करून आली. टाके पिकले. ताप चढला तो उतरला नाही. माय शेवटपर्यंत तिच्याजवळ होती.

"मी त्याले पाहातो तवा ती माह्या बाजूला बसली राह्यते," माय म्हणाली. "मले वाटलं, एक डाव तिच्याजवळ बसून घ्याव. मंग जे होईन ते होईन."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांना हे सगळं माहीत होतं. ज्याच्या बायकोनं सख्ख्या बहिणीला टाक्यांपायी मरताना पाहिलं, त्यानं तिला कोणत्या तोंडानं म्हणावं की चल, कापून घे? म्हणून ते गाठी मारत बसत होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि मायच्या पुढच्या खुर्चीवर उलटं होऊन बसले. "सुनीची माय," ते म्हणाले, "भेव लागते तं नोको जाऊ. आपन घरी जाऊ."

मायनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांनी खरंच तिला सोडून दिलं होतं, हे तिला दिसत होतं. मग ती उठली. "भेव तं लागतेच," ती म्हणाली. "चाला. उशीर होऊन राह्यला."

दवाखान्यात बाईडॉक्टर होती, वयानं लहान, डोळ्यांखाली जाग्रणाची काळी वर्तुळं. तिनं नेहमीचे प्रश्न विचारले. पण त्या दिवशी माय आपणहून बोलली. बहिणीचं सगळं सांगितलं. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. तिनं मायला समजावलं की टाके का पिकतात, ते पिकू नयेत म्हणून इथे काय काय करतील, आणि रोज पट्टी उघडून ती स्वतः बघेल. "ताप आला तर मला हाक मारायला लावा, झोपले असले तरी," ती म्हणाली. माय म्हणाली, "माहा आवाज मोठा आहे बाई, तुमाले आयकू येईन." डॉक्टर हसली. ऑपरेशनच्या दिवशी मी आणि बाबा दाराबाहेरच्या बाकावर बसलो. बाबांच्या बोटांना काम नव्हतं, ती आपोआप गाठी मारल्यासारखी हलत होती. दुपार कलली तेव्हा डॉक्टर बाहेर आली. गाठ निघाली होती आणि साधी होती. बाबा उठून उभे राहिले, काय करावं न सुचून परत बसले, आणि मग मला म्हणाले, "तू जेवली नाई सकाळपासून."

ताप एकदा आला. डॉक्टरनं पट्टी उघडली, वाकून पाहिलं, जखम कोरडी होती. ताप दुसऱ्या दिवशी गेला. माय त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, माझी लेकरं तिनं खेळवली. ती जाऊन आता काही काळ झाला. त्या नटाचे नंतर आणखी दोन-तीन सिनेमे आले, मायनं ते बघायला चला म्हटलं नाही.

घरी आल्यावर तिला जड उचलायची बंदी होती. बाबा टोपलं सायकलला बांधून बाजारात जायचे आणि पडेल भावात मासळी देऊन लवकर परत यायचे. माय बाजेवर पडून त्यांना ओरडायची. पण बाजाराच्या गोष्टी आता नव्हत्या, म्हणून संध्याकाळी ती शेवंताच्या गोष्टी सांगू लागली. इतकी वर्षं आत दाबून ठेवलेली मावशी रोज थोडी थोडी बाहेर यायला लागली. मावशीला पोहता येत नव्हतं आणि तरी ती डोंग्यात सगळ्यांच्या आधी चढायची. मावशीला चिंच आवडायची. मावशीनं बाबांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मायच्या कानात म्हटलं होतं, "गिरजे, हा बोलते का नाई, का तुलेच दोघायचं बोला लागन?"

चुलीपुढे मी भात वैरत होते. मायचं सांगून झालं. मग बाबा दाराजवळून म्हणाले, "मी आयकलं होतं ते."

"काय सांगता!" माय उठून बसली. "अन् इतके वर्सं बोलले नाई?"

"बोललो असतो तं ती खोटी पडली असती," बाबा म्हणाले.

माय हसायला लागली. तिला थांबता येईना. एक हात पोटावरच्या टाक्यांवर दाबून धरला होता आणि दुसऱ्यानं ती बाबांना हात करत होती, पुरे, पुरे. "हासू नोको, टाके दुखतीन," बाबा म्हणाले, आणि बाजेजवळ सरकून त्यांनी शेवंताची आणखी एक गोष्ट सांगायला सुरुवात केली, जी मायलासुद्धा माहीत नव्हती.